एका घरचा पगार केसांत

सकाळी सहाच्या सुमारास दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतून बाया कामावर निघतात. कोणी सदाशिव पेठेत, कोणी नवी पेठेत, तर कोणी लक्ष्मी रस्ता ओलांडून नारायण पेठेत. त्यांच्यातली एक ताई नारायण पेठेत केसरीवाड्याच्या आसपासच्या इमारतींत चार घरांची धुणीभांडी करते. मागच्या पावसाळ्यात विहारात महिला मंडळाची बैठक संपल्यावर ती मागे थांबली. पदर सरकवून तिने भांग दाखवला. भांग बोटभर रुंद झाला होता. "मूठ मूठ केस जातात हो. किती तेलं झाली, काही फरक नाही."

मी तिला तेलाचे नाव विचारले नाही, खर्च विचारला. वहीच्या मागच्या पानावर आम्ही दोघींनी महिन्याचा हिशेब मांडला. घरात माणसे पाच. शाम्पूच्या दोन रुपयांच्या चाळीस पुड्या, म्हणजे ८० रुपये. सुगंधी तेल १४०. टीव्हीवर पाहून आणलेले केसगळतीचे तेल ४५०. कॉलेजात जाणाऱ्या मुलीचे सीरम २२०. नवऱ्याचा आणि सासूबाईंचा कलप ६०. नवरा आणि मुलगा यांचे सलून २००. मुलीचे पार्लर १५०. बेरीज आली १३०० रुपये. वर्षाचे १५,६०० रुपये.

ताई बेरजेकडे बघत राहिली. नारायण पेठेतल्या एका घरी झाडू-फरशी, भांडी, कपडे या सगळ्याचे तिला दीड हजार मिळतात. म्हणजे एका घरचे महिनाभराचे काम जवळजवळ केसांतच जात होते. आणि केस तरीही गळत होते.

केस सुंदर असावेत असे वाटण्यात काही चूक नाही, हे आधीच सांगते. आपल्या आयाबहिणींनी नीट राहावे, स्वच्छ नेसावे, हे बाबासाहेबांनी महाडलाच सांगितले होते. प्रश्न फक्त इतकाच, की आपला पैसा केसांपर्यंत पोचतो का.

केस कुठे वाढतो, तेल कुठे लागते

डोक्यावर जो केस दिसतो तो मेलेला असतो. म्हणून तो कापताना दुखत नाही. जिवंत असते ते मूळ, आणि ते त्वचेच्या आत असते. त्या मुळाला अन्न रक्तातून मिळते, बाटलीतून नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, काही वर्षे वाढत राहतो, मग दोन-तीन महिने विश्रांती घेऊन गळतो आणि त्या जागी नवा येतो. रोज पन्नास ते शंभर केस गळणे हे निरोगी माणसाचेही असते. फणीत दिसले म्हणून घाबरू नये.

पण शरीराला मोठा धक्का बसला की पुष्कळ केस एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. बाळंतपण, डेंग्यू, टायफॉइड, मोठे ऑपरेशन, उपासमार ही त्याची नेहमीची कारणे. आजार विसरला जातो, केस मात्र नंतर गळतात. मग दोष शाम्पूवर जातो. ही गळती बहुतेक वेळा सहा-आठ महिन्यांत आपोआप थांबते. नेमक्या त्याच काळात एखादे महागडे तेल लावलेले असेल तर श्रेय त्या तेलाला मिळते, आणि शेजारची पण तेच आणते!

दुसरे मोठे कारण रक्तातले लोह कमी असणे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसले आहे. थायरॉइडचा बिघाड हे तिसरे. त्यात केस गळतातच, शिवाय वजन वाढते, थंडी सहन होत नाही, पाळी बिघडते.

ताईला मी एवढेच म्हटले, की पुढची तेलाची बाटली आणण्याआधी रक्त तपास. महापालिकेच्या दवाखान्यात तपासणी झाली. हिमोग्लोबिन ८.९ निघाले. बाईला ते १२ च्या वर हवे. दोन वर्षे पाळीत खूप रक्त जात होते, जिना चढताना दम लागत होता, दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येत होती. हे सगळे तिने "कामाने होतं" म्हणून सोडून दिले होते. केस गळाले म्हणून ती बोलली, हे तिचे नशीब म्हणायचे.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जास्त रक्त जाण्याचीही तपासणी केली. गोळीने शौच काळे होते, ते भिण्यासारखे नाही. गोळी लिंबू-आवळ्याबरोबर घ्यावी. चहा मात्र तासभर आधी आणि तासभर नंतर नको, कारण चहा लोह अडवतो. नारायण पेठेतल्या घरांत कामाला गेले की पहिला चहा मिळतो, म्हणून ताईने गोळी रात्री जेवणानंतर घ्यायला सुरुवात केली. महिन्याभरात दम लागणे कमी झाले. केसांना चार महिने लागले. हिमोग्लोबिन वाढले म्हणून गोळ्या लगेच बंद करू नयेत. शरीरातला साठा भरायला आणखी तीनेक महिने लागतात. किती काळ घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारावे.

जेवणाबद्दल एक गोष्ट आपल्या घरांत मोकळेपणाने बोलायला हवी. कलेजी, वजडी, रक्ती, सुकट, जवळा हे ज्या पदार्थांवरून आपल्या आज्यांना हिणवले गेले, त्यांतल्या कलेजीत आणि रक्तीत शरीराला सहज पचणारे लोह सगळ्यात जास्त असते. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या पुस्तकात या अन्नाची नोंद केली आहे. गरोदर बाईने मात्र कलेजी वारंवार खाऊ नये, कारण त्यात जीवनसत्त्व अ फार असते. ज्यांनी मांसाहार सोडला आहे त्यांनी बाजरी, हळीव, मटकी, चवळी, पालेभाजी खावी आणि त्यावर लिंबू पिळावे. आणि अंडी. केस प्रथिनाचा बनलेला असतो. ४५० रुपयांच्या तेलाच्या बाटलीत, सात रुपयांना एक धरले तरी साठावर अंडी येतात. ती खायची आहेत, डोक्याला फासायची नाहीत.

बुलढाण्याची गोष्ट

केसगळतीचे कारण भलतीकडे शोधले की काय होते, याचे ताजे उदाहरण विदर्भातले आहे. २०२४ च्या शेवटी आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. आधी डोके खाजायचे आणि चार दिवसांत टक्कल पडायचे. बायका, मुले, म्हातारे, सगळेच. पहिला संशय शाम्पूवर, मग पाण्यावर, मग बुरशीवर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक आले. विंचूदंशावरच्या कामासाठी आपण ज्यांना ओळखतो त्या महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी स्वतः जाऊन नमुने तपासले आणि रेशनच्या गव्हात सेलेनियम हे मूलद्रव्य फार जास्त असल्याचे सांगितले.

या गोष्टीतून घरच्यासाठी घ्यायचे ते एवढेच: घरातल्या दोघा-तिघांचे, किंवा शेजारपाजारच्या बऱ्याच जणांचे केस एकाच वेळी गळू लागले तर शाम्पू बदलत बसू नका. दवाखान्यात कळवा.

पुडी, बाटली आणि भागाकार

तेल-धान्यात मोठे पाकीट स्वस्त पडते. शाम्पूत बहुतेक वेळा उलटे असते. दोन रुपयांच्या पुडीत ६ मिली शाम्पू असेल तर मिलीला ३३ पैसे पडले. १८० मिलीची बाटली १५० रुपयांना असेल तर मिलीला ८३ पैसे. ताईला वाटत होते की आपण गरीब म्हणून पुडी घेतो आणि मालकीणबाई हुशार म्हणून बाटली. हिशेब मांडल्यावर ती मोठ्याने हसली.

शाम्पूची पुडी मूळची तामिळनाडूतल्या कडलूरची. चिन्नी कृष्णन यांनी ती कल्पना आणली आणि त्यांचे पुत्र सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये वेगळा धंदा काढून ती खेड्यापाड्यांत पोचवली. गरिबाच्या खिशाकडे बघून निघालेली ही वस्तू आहे, ती घेण्यात लाज नाही. फक्त घेताना मिली बघा. आता बऱ्याच बाटल्यांवर किमतीजवळ एका मिलीचा भावही छापलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पू आणि केसांच्या तेलावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्याच भावाने कोणी देत असेल तर विचारा.

पुडी तशीच डोक्यावर ओतू नये. मगभर पाण्यात कालवून तो फेस टाळूला लावावा. मळ टाळूवर असतो. केसांच्या टोकांना वरून ओघळणारे पाणी पुरते. आखूड केसांना अर्धी पुडी पुष्कळ होते. आठवड्यातून दोनदा शाम्पू पुरे. जे सफाईचे, बांधकामाचे काम करतात त्यांनी रोज डोके धुवावे, पण रोज शाम्पू लागत नाही, साधे पाणीही घाम-धूळ काढते.

अंगाचा किंवा कपड्याचा साबण डोक्याला लावणे हे मात्र खोटे वाचवणे आहे, विशेषतः बोअरचे पाणी असेल तिथे. जड पाण्यात साबणाचा चिकट थर केसांवर बसतो, केस राठ होतात, मग ते मऊ करायला सीरम आणावे लागते. शिकेकाई-रिठा आवडत असेल तर जरूर वापरा, मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानात सुटी मिळते. पण ती उकळायला गॅस लागतो आणि चोळायला वेळ. पहाटे पाचला उठणाऱ्या बाईला शिकेकाईचा उपदेश करणे मला पटत नाही.

तेलाचे म्हणाल तर, साधे खोबरेल लावल्याने केस धुताना होणारी झीज कमी होते असे मुंबईच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले होते. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, तेही सांगून ठेवते. तरी अनुभव तोच आहे. केस वाढत नाहीत, तुटायचे मात्र कमी होतात. त्यासाठी धुण्याआधी तासभर चमचाभर तेल पुरते. सुगंधी तेलाची बाटली उलटी करून बारीक अक्षरे वाचा. 'लाइट लिक्विड पॅराफिन' किंवा 'मिनरल ऑइल' पहिले असेल तर आपण बदाम-आवळ्याच्या नावाने खनिज तेल विकत घेत आहोत. ते विष नाही, पण १४० रुपयांचेही नाही.

आणि टक्कल घालवण्याच्या जाहिराती! टक्कल बरे करतो असा दावा औषधाने करू नये, असे आपल्या औषधविषयक नियमांच्या अनुसूची 'जे' मध्ये आहे. जाहिरात जितकी छातीठोक, तितका हात खिशावर घट्ट.

जिथे पैसे वाचवायला गेले की जीव जातो

उवांसाठी अजूनही घासलेट आणि ढेकणाचे औषध पोरींच्या डोक्याला लावले जाते. घासलेटाने टाळू भाजते आणि जवळ चूल-गॅस असेल तर पोर पेटते. ढेकणाचे औषध कातडीतून अंगात जाते. हे कधीही करू नका. परमेथ्रिन १ टक्का हे लोशन औषधाच्या दुकानात मिळते. धुतलेल्या ओलसर केसांना दहा मिनिटे लावून धुवायचे आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा, कारण लिखा पहिल्या वेळेला मरत नाहीत, त्या आठवडाभरात फुटतात. घरात ज्यांना उवा आहेत त्या सगळ्यांना एकाच दिवशी लावावे. अगदी पैसे नसतील तर केस ओले करून, तेल लावून बारीक दातांच्या फणीने दर तीन दिवसांनी, दोन आठवडे नेमाने विंचरावे. वेळ जातो, पण उवा जातात. पोरीचे केस कापायची गरज नाही. उवा उडत नाहीत, उड्याही मारत नाहीत. डोक्याला डोके लागले की जातात. त्यात अस्वच्छतेची लाज मानायचे कारण नाही, पेठेतल्या शाळांतल्या पोरींनाही होतात.

कोंडा झाला की आपण तेल थापतो. कोंड्यातली बुरशी तेलावरच वाढते. कोंडा असेपर्यंत टाळूला तेल बंद. किटोकोनाझोल २ टक्के शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटे ठेवून, महिनाभर वापरावा. कंपनीच्या नावाऐवजी औषधाच्या नावाने मागा आणि जनऔषधी केंद्रात आधी विचारा.

डोक्यावर रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई. त्यावर लसूण घासून जखमा करू नका. लहान मुलाच्या डोक्यावर खवले असलेला, तुटक्या केसांचा चट्टा असेल तर तो नायटा. त्याला वरून मलम पुरत नाही, पोटात औषध लागते. दोन्हींसाठी ससून रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे.

कलपात पीपीडी नावाचे रसायन असते. 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या पुड्यांतही बहुधा तेच असते. पहिल्यांदा लावताना कानामागे ठिपका लावून दोन दिवस थांबावे. खाज आली, सूज आली तर तो कलप नको. ही पुडी पोरांच्या हाताला लागेल अशी कधीही ठेवू नका. पोटात गेली तर घसा सुजून श्वास बंद होतो आणि पुढे मूत्रपिंडे निकामी होतात. मीठ-पाणी पाजून ओकारी काढत बसू नका. पुडी बरोबर घेऊन तडक ससूनला किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या.

जटेचेही इथेच सांगते. न धुतलेल्या, न विंचरलेल्या केसांचा गुंता चिकटून जट होते, देवीचा त्यात काही संबंध नसतो. मान दुखते, उवा होतात, टाळूला जखमा होतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या घरांतही कधीतरी एखादी सासू जटेला हात लावू देत नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्याच्या कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी कितीतरी स्त्रियांना समजावून, त्यांच्या संमतीने जटा सोडवल्या आहेत. आपल्या वस्तीत अशी कोणी असेल तर समितीच्या कार्यकर्त्यांना बोलवा.

घरची कात्री

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत साताऱ्याच्या लहानपणाबद्दल लिहिले आहे. साताऱ्यात न्हावी होते, घरात द्यायला पैसेही होते, पण अस्पृश्यांच्या केसांना कोणी हात लावत नव्हते. म्हणून भावंडांचे केस मोठी बहीण कापायची आणि सरावाने ती त्यात तरबेज झाली होती. आपल्या घरात कात्री पहिल्यांदा अशी आली.

आज सलूनचे दार उघडे आहे आणि त्यातला कारागीरही आपल्यासारखाच कष्टकरी आहे. त्याचे काम बंद पाडा असे मी म्हणत नाही. पण लहान मुलांचे केस घरी कापता येतात. हजार रुपयांच्या आत ट्रिमर मिळतो. तीन-चार घरांनी मिळून घेतला तर दोन-तीन महिन्यांत पैसे वसूल. मोठा कंगवा लावून सुरुवात करावी, कारण जास्त राहिले तर पुन्हा कापता येतात. दर वेळी दात स्पिरिटने पुसावेत. सलूनमध्ये दाढी करताना मात्र नवे पाते डोळ्यांसमोर बसवायला सांगा. जुन्या पात्यातून कावीळ-बी पसरते. तिथे पाच रुपयांसाठी गप्प बसू नये.

ताईचा हिशेब आम्ही दिवाळीनंतर पुन्हा मांडला. पुड्या ५०. साधे खोबरेल ६०, तेही हल्ली महागले आहे. कलप ६०. नवऱ्याचे सलून १००. मुलाचे केस मामा कापतो. मुलीचे पार्लर तीन महिन्यांतून एकदा, म्हणजे महिन्याला ५०. केसगळतीचे तेल बंद. सीरम मात्र मुलीने सोडले नाही. "आई, कॉलेजात सगळ्या लावतात." ताईने तिला बाटली दोन महिने पुरवायची अट घातली, म्हणजे ११०. मला हे योग्य वाटले. वीस वर्षांच्या पोरीला थोडी हौस हवी. बेरीज ४३०. महिन्याला ८७० रुपये उरले.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन कामधंद्याला आणि चौथा अडचणीच्या दिवसासाठी राखून. ताईने उरलेल्यातले साडेतीनशे अंड्यांना आणि डाळीला लावले. पाचशेचे पोस्टात आवर्ती खाते उघडले. ते महिना शंभर रुपयांपासूनही उघडता येते. वीस रुपयांची तिने नवी बारीक फणी आणली.